नव्वद दिवसांचा नियम

पाणीपुरवठ्याच्या नकाशा कार्यालयात सात मजले आहेत, एकशे चाळीस कॉम्प्युटर आहेत आणि त्या सगळ्यांच्या मागे हात धुऊन लागलेला एकच माणूस आहे. त्याला सगळे कुलूपकाका म्हणतात. खरं नाव हजेरीच्या यादीत असेल, पण त्या नावाने कुणी हाक मारली तर काका स्वतःच इकडेतिकडे बघतात, नवीन कोण आलंय म्हणून.

हे नाव त्यांना कुणी फुकट दिलेलं नाही. पेनड्राइव्ह लावायच्या खाचा त्यांनी एकेक करून बुजवल्या, त्यामुळे घरून गाणी आणणाऱ्यांची पंचाईत झाली. कुणी पासवर्ड चिठ्ठीवर लिहून पडद्याला चिकटवला, की काका ती चिठ्ठी खिशात घालणार, दुपारी त्या माणसाला समोर बसवून तिचे बारीक बारीक तुकडे करणार आणि वर विचारणार, "घराची किल्ली दाराला अडकवून बाहेर पडता का हो तुम्ही?" चौथ्या मजल्यावरच्या एक बाई भारी हुशार. त्यांनी पासवर्ड कुंडीखाली लपवला. तोही काकांना सापडला, कारण बाई रोज सकाळी कुंडी उचलायच्या आणि झाडाला पाणी मात्र कधी घालायच्या नाहीत. लोक चरफडतात, पाठीमागे काकांच्या नकला करतात. पण गेल्या वर्षी कसला तरी व्हायरस आला आणि समोरच्या इमारतीतले लोक आठवडाभर हातावर हात ठेवून बसले, तेव्हा या सात मजल्यांवरचं काम तासभरही थांबलं नाही. त्या आठवड्यात नकला जरा कमी झाल्या.

काकांची खरी धावपळ असते ती परवान्यांपायी. नकाशे काढायचं जे सॉफ्टवेअर आहे त्याचे परवाने अठरा, आणि नकाशे काढणारी माणसं सव्वीस. म्हणजे एका वेळी अठराच जणांना ते उघडता येतं. एकोणिसावा आला की त्याच्या पडद्यावर 'जागा शिल्लक नाही' अशी पाटी झळकते आणि तो तडक काकांना फोन लावतो. मग काका आपल्या पडद्यावर बघतात, आत कोण कोण आहे आणि त्यातलं कोण नुसतं उघडून ठेवून चहाला पसार झालंय. फोनवर सांगितलं तर माणूस 'हो हो' म्हणतो आणि विसरतो, हा अनुभव जुना. म्हणून काका जिने चढून जातात, दिवसातून आठ-दहा वेळा. "चहा पिताय? प्या की, निवांत प्या. फक्त नकाशा बंद करून प्या, खालच्या मजल्यावर एक जण ताटकळलाय." गुडघे कुरकुरतात, काकाही कुरकुरतात, पण जिने काही सुटत नाहीत.

सव्वीस जणांत एकच व्यक्ती अशी, की तिला हे सांगायची वेळ काकांवर वीस वर्षांत एकदाही आली नाही. त्या नळताई, पाचव्या मजल्यावर खिडकीशेजारी बसणाऱ्या. कुठला नळ कुठून कुठे गेलाय हे नकाशा न उघडता सांगायच्या, म्हणून त्यांचं हे नाव पडलं. रस्ता खोदणाऱ्या ठेकेदाराचा फोन आला की ताई डोळे मिटून सांगायच्या, "शाळेच्या भिंतीपासून चार पावलं सोडून खणा. तिथे जुना बिडाचा नळ आहे, फोडलात तर सगळी शाळा पोहायला लागेल." आणि घोटभर पाणी प्यायला उठल्या तरी आपला नकाशा बंद करून उठायच्या, तेवढ्यात दुसऱ्या कुणाचं तरी काम होईल म्हणून. काकांचा त्यांच्यावर फार जीव. दुपारी दोघं एकत्र डबा खायचे. काका सातही मजल्यांच्या तक्रारी सांगायचे आणि ताई घास हातात धरून हसत राहायच्या.

तीन महिन्यांपूर्वी ताईंना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली. बोलणं हळूहळू सुधारलं, पाय ओढत का होईना चालायला लागला, उजवा हात मात्र रुसून बसला. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, पहिले सहा महिने काय तो खेळ. या दिवसांत जेवढी मेहनत कराल तेवढा हात परत मिळेल, पुढे फारसं काही होत नाही. तेव्हापासून व्यायाम करून घेणाऱ्या एक बाई रोज सकाळी त्यांच्या घरी यायच्या आणि ताई घामाघूम होईपर्यंत तो हात हलवायच्या. परत जाऊन नकाशे काढायचे, एवढं एकच त्यांनी मनाशी धरलं होतं.

आता त्या नियमाबद्दल. दोन वर्षांपूर्वी बाहेरून तपासणीचे लोक आले होते. नोकरी सोडून गेलेल्या अकरा जणांची खाती अजून चालू आहेत, असं त्यांना आढळलं. एक गृहस्थ तर वारून चार वर्षं झाली होती आणि 'आपला पासवर्ड बदला' अशी आठवण त्यांना अजून महिन्याच्या महिन्याला जात होती. सगळ्यांसमोर काकांची शोभा झाली. त्याच रागात काकांनी बसून एक प्रोग्राम लिहिला. नव्वद दिवस ज्याने लॉगिन केलं नाही त्याचं खातं आपोआप बंद, परवान्याच्या यादीतून नाव कमी, दाराचं कार्ड बंद, आणि त्याच्या फोनवर एक निरोप: 'आपले खाते कायमचे बंद करण्यात आले आहे. आपल्याकडील कार्यालयाच्या वस्तू त्वरित परत कराव्यात.' मजकूर काकांचाच. लिहिताना त्यांच्या डोळ्यांपुढे ते अकरा जण होते. आजारी किंवा लांबच्या रजेवर असलेल्यांसाठी सवलतीची वेगळी यादी होती. तिच्यात माणसाचं नाव लिहायचं आणि पुढच्या चौकटीत सवलत कधीपर्यंत ते भरायचं. ती मुदत संपेपर्यंत प्रोग्राम त्या माणसाच्या वाटेला जात नसे.

त्या सोमवारी सकाळी काकांनी नेहमीसारखी परवान्यांची यादी उघडली, तर सव्वीसच्या जागी पंचवीस नावं. त्यांनी पुन्हा मोजली. पंचवीसच. कुठलं नाव नाही हे लक्षात आलं तेव्हा काकांच्या पायाखालची जमीन सरकली.

त्यांनी लगेच सवलतीची यादी उघडली. ताईंचं नाव तिथे होतं, पण मुदत रविवारी संपलेली. कर्मचारी विभागाच्या कागदावर 'सहा महिने' असं ठळक लिहिलेलं, आणि यादीत तीन. तीन कुणी टाकले, तर काकांनीच. आता त्यांना तो दिवस लख्ख आठवला. ते इस्पितळातून थेट कार्यालयात आले होते. चादरीवर पडलेला ताईंचा हात डोळ्यांसमोरून जात नव्हता, आणि सहाचा आकडा टाकायला बोट काही धजावेना. सहा कशाला, तीन महिन्यांत येतील की, असं स्वतःशीच म्हणत त्यांनी तीन टाकले होते. कागदाप्रमाणे काम करा म्हणून अख्ख्या कार्यालयाला पिडणाऱ्या माणसाने त्या एका दिवशी कागद बाजूला ठेवून मनातलं भरलं. प्रोग्रामला त्यातलं काय कळणार? सोमवारी पहाटे सहाला त्याने आपलं काम चोख बजावलं.

निरोप पोचला होता. वाचलाही गेला होता, सहा वाजून वीस मिनिटांनी.

काकांनी ताईंना फोन लावला. चार वेळा वाजून बंद झाला. पाचव्यांदा ताईंच्या मिस्टरांनी उचलला. ते शिंपी, दुकान घराच्याच पुढच्या खोलीत.

"काका, बरं झालं तुम्हीच केलात," मिस्टर हळू आवाजात म्हणाले. "सकाळपासून एक अक्षर बोललेली नाही. डाव्या हाताने ऑफिसच्या सगळ्या वस्तू पिशवीत भरल्या. आज नेऊन द्या म्हणाली, तेवढंच. आणि व्यायामाच्या बाई आल्या तर त्यांना दारातूनच परत पाठवलं. आता कशाला, म्हणाली."

'आता कशाला' हे दोन शब्द काकांच्या काळजात रुतले. सहा महिन्यांतले तीन गेलेले, तीन उरलेले, आणि त्या उरलेल्यांवर आपण असं पाणी फिरवलं! ते तडक साहेबांकडे गेले. बंद झालेलं खातं पुन्हा उघडायला साहेबांची सही लागते, आणि ज्याचं खातं त्याने काकांच्या समोर, स्वतःच्या हाताने नवा पासवर्ड ठेवावा लागतो. आजारी माणसाच्या घरी जाऊन हे करायचं तर आणखी एक सही. साहेबांनी दोन्ही सह्या केल्या आणि वर सल्लाही दिला. "एवढं काय मनाला लावून घेता? सिस्टीमच्या चुकीमुळे निरोप गेला, असा एक मेसेज टाका, विषय संपला."

"सिस्टीमची चूक नाही साहेब," काका म्हणाले. "माझी आहे."

लॅपटॉप बगलेत मारून निघताना त्यांनी घरी फोन केला आणि काकूंना सगळा प्रकार सांगितला. निरोपाचा मजकूरही वाचून दाखवला. काकू म्हणाल्या, "अहो, हे ऐकून मलासुद्धा माझ्या वस्तू आवराव्यात की काय असं वाटलं. जा लवकर. आणि तिथे जाऊन नियम सांगत बसू नका."

ताईंच्या घरी पुढच्या खोलीत शिलाई मशीन, कापडांचे गठ्ठे आणि भिंतीवर दोऱ्यांच्या रिळांची फळी. दाराशी पिशवी ठेवलेली. वरून ओळखपत्राची निळी पट्टी, कपाटाची किल्ली आणि नकाशावर ठेवायची लांब मोजपट्टी दिसत होती. आतल्या खोलीत ताई खिडकीकडे तोंड करून बसल्या होत्या. उजवा हात मांडीवर, त्यावर डावा ठेवलेला.

"पिशवी... दाराशी आहे," ताई मागे न वळता म्हणाल्या. शब्द अजून अडखळत येत. "सगळं आहे. मोजून घ्या."

काका समोर जाऊन स्टुलावर बसले. येताना रस्त्याने त्यांनी चांगली चार वाक्यं जुळवली होती, त्यातलं एकही आठवेना.

"ताई, तो निरोप मशीनने पाठवला, पण लिहिलाय मी. शब्द न् शब्द माझा आहे. आणि तुम्हाला तो जायलाच नको होता. यादीत तुमच्यासाठी सहा महिने टाकायचे होते. मी तीन टाकले."

ताईंनी आता त्यांच्याकडे पाहिलं. "तीन का?"

"मला वाटलं, तोवर याल तुम्ही."

काका मान खाली घालून बसले. बाहेरच्या खोलीतलं शिलाई मशीनही थांबलं होतं. मग ताईंचा आवाज आला, हसू आणि रडू एकमेकांत अडकलेला. "तीन महिन्यांत? अहो काका, साधं मोडलेलं हाड... तेसुद्धा तीन महिन्यांत धड होत नाही."

"हो ना. मूर्खपणा झाला."

"मला वाटलं..." ताई थांबल्या, डाव्या हाताने त्यांनी गाल पुसला. "मला वाटलं, डॉक्टरांनी ऑफिसला कळवलं असेल. की हिचा हात काही येत नाही. मला सांगवत नाही म्हणून... तुम्हा सगळ्यांना सांगितलं. सगळ्यांना माहीत आहे, फक्त मलाच नाही."

काकांना भडभडून आलं. वीस वर्षांत त्यांनी कितीतरी खाती बंद केली होती, पण निरोप वाचणारा माणूस त्यातून काय काय वाचत असेल, हे त्यांच्या डोक्यात कधी आलं नव्हतं. "कुणी काही सांगितलेलं नाही ताई," ते म्हणाले. "तुमच्या गळ्याशपथ. पाचव्या मजल्यावर रोज कुणी ना कुणी विचारतं, ताई कधी येणार? ठेकेदारांनी तर दोन नळ फोडले तुमच्या मागे."

"कुठले?" ताईंनी झटकन विचारलं.

"बाजाराच्या मागचा एक. आणि दवाखान्याच्या कोपऱ्यावरचा."

"दवाखान्याचा? अरे देवा! तिथे तर वळण आहे. नकाशात मी लाल खूण केलीय... बघत नाहीत का मेले?" आवाजात जुना तिखटपणा आला, तसे मिस्टर दारात येऊन उभे राहिले.

काकांनी लॅपटॉप उघडून ताईंच्या पुढ्यात ठेवला. नवा पासवर्ड चौदा अक्षरांचा हवा, दोन मिनिटांच्या आत टाकायला हवा, आणि तीन वेळा चुकलं तर खातं दुसऱ्या दिवसापर्यंत बंद. हे सगळं सांगताना काकांना स्वतःचाच राग येत होता. ताईंनी डाव्या हाताने उजवा उचलला आणि कीबोर्डवर ठेवला.

"अगं, डाव्याने टाक ना," मिस्टर म्हणाले.

"डाव्याने मी पाणी पिते, दार उघडते," ताई म्हणाल्या. "ऑफिसचं काम उजव्याचं."

कुणी पासवर्ड टाकत असताना काका कधी बघत नाहीत. ते उठले आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले, मिस्टर त्यांच्या शेजारी. मागून एक टक ऐकू आलं. मग बराच वेळ काहीच नाही. पुन्हा एक टक. काकांच्या मनात आकडे चालू होते. नऊ अक्षरं झाली, आणि दोन मिनिटं संपून पान मिटल्याचा बारीक आवाज आला.

"गेलं," ताई म्हणाल्या.

"ताई, ही दोन मिनिटं माझ्या हातात आहेत. दहा करून देतो."

"बाकीच्यांना किती?"

"दोनच."

"मग मलाही दोनच."

दुसऱ्या वेळी बोट कीवर पडलं ते उठेचना. एकच अक्षर ओळभर उमटत गेलं. ताई रागाने स्वतःच्या हाताला काहीतरी बोलल्या. एक शेवटची संधी उरली. मिस्टरांनी काकांचा दंड घट्ट धरला, आणि काकांनी त्यांना धरू दिला. ताईंनी थोडा वेळ हात मांडीवर घेऊन डाव्या हाताने चोळला, एकेक बोट सरळ केलं आणि पुन्हा सुरुवात केली. टक. टक. काका डोळे गच्च मिटून उभे होते. कुणाच्या पासवर्डची अक्षरं मोजायची नाहीत हा त्यांचाच दंडक, पण आज ते मोजत होते. बारा. तेरा. मग इतका वेळ शांतता, की आता पान मिटणार असं त्यांना वाटलं. चौदा.

"उघडलं," ताई म्हणाल्या.

काकांना वळायचं होतं, पण डोळे इतके भरून आले होते की ते तसेच भिंतीकडे तोंड करून राहिले. मिस्टर मात्र लहान मुलासारखे रडत होते आणि त्यांना त्याची काही लाज वाटत नव्हती. ताईंनी तोवर दवाखान्याच्या कोपऱ्याचा नकाशा शोधूनही काढला होता. "ही बघा लाल खूण. आंधळे आहेत का सगळे?"

एक काम राहिलं होतं. काकांनी नाक-डोळे पुसले, लॅपटॉप आपल्याकडे घेतला आणि सवलतीची यादी उघडली. ताईंचं नाव, आणि पुढची चौकट. ती रिकामी सोडता येत नाही.

"काय टाकताय?" ताईंनी विचारलं.

"अजून तीन. म्हणजे कागदाप्रमाणे सहा होतील. आणि तोवर तुम्ही..."

"आणि तोवर नाही जमलं तर? पुन्हा एका सकाळी... तोच निरोप?"

काकांचं बोट थांबलं.

"वर्षाचे टाका," ताई म्हणाल्या.

"वर्ष कशाला ताई? कागद मी आणीन हो साहेबांकडून, त्याचं काही नाही. पण तुम्ही त्याच्या कितीतरी आधी याल. मला तर वाटतं..."

"तुम्हाला वाटतं ना, मी लवकर येईन?" ताई अडखळत, पण एकेक शब्द नीट लावत बोलल्या. "मग ते मला सांगा, काका. रोज फोन करून सांगा. मला ऐकायचंय ते. पण तिथे यादीत... नका लिहू."

काकांनी मान हलवली. त्यांनी चौकटीत वर्ष टाकलं, पुन्हा एकदा वाचून बघितलं आणि लॅपटॉप मिटला. मग खुर्चीच्या हातावर पडलेल्या ताईंच्या उजव्या हातावर आपला हात ठेवून ते म्हणाले, "ताई, तुम्ही लवकर याल."

"उद्या पुन्हा सांगा," ताई म्हणाल्या. आणि दाराकडे बघून, "अहो, व्यायामाच्या बाईंना फोन लावा. सकाळी जरा तोडून बोलले, त्याची माफी मागा. आणि विचारा, आज दुपारी येतात का."